फिटरला दम लागतो, म्हणून त्याचं नाव कमी करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राळेगाव तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग. हंगामात तीस-पस्तीस माणूस, बारमाही आठ. त्या आठांतला एक रेच्यांचा (कापूस-सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांचा) फिटर, वय ५०, नोकरी १९ वर्षं, पगार १२,००० रुपये. दोन वर्षांपासून त्याला दम लागतो. गेल्या हंगामात डिसेंबर-जानेवारी मिळून तो अकराच दिवस आला. खासगी दवाखान्याची चिठ्ठी आहे, तिच्यावर 'धूळ व जड काम टाळावे' एवढंच लिहिलंय. मुनीम म्हणतो, गैरहजर दाखवा, तीन नोटिसा टाका, नाव कमी करा. मालक विचारतात : असं करता येईल का, आणि करायचंच झालं तर हातावर किती ठेवावे लागतील?

भाऊ, आधी मुनिमाचं. त्यांना हिशेब येतो, पण हा सल्ला ऐकू नका. मी पंचवीसेक वर्षं कामगार न्यायालयात बहुतेक मालकांच्याच बाजूने उभा राहिलो आहे. आजारी माणसाला काढल्यामुळे हरलेले मालक मी कमी पाहिले, आजारी माणसाला गैरहजर दाखवून काढल्यामुळे हरलेले पुष्कळ. आपल्याकडे १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे, ज्याला कोर्टात सगळे यूएलपी म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच कलमाखाली कोणकोणत्या प्रकारे कामगाराला काढणं अनुचित ठरतं ते दिलंय. त्यात एक प्रकार नेमका तुमच्या मुनिमाचा आहे : विनारजा गैरहजेरीचा खोटा किंवा रचलेला आरोप ठेवून काढणं. तुमच्या फिटरला ९० दिवसांत तक्रार टाकता येते, आणि तिला वकिलाची फार हुशारी लागत नाही. दवाखान्याचे केसपेपर आणि तुमचं मस्टर शेजारी ठेवलं की झालं.

एक दालमिल होती, गाव सांगत नाही. हमाल टीबीने आजारी पडला, चार महिने घरी. मालकाने मस्टरमध्ये रोज 'गै' लिहून घेतलं आणि शेवटी नाव कमी केल्याचं पत्र पाठवलं. उलटतपासणीत समोरच्या वकिलाने मस्टरचं एक पान मागितलं आणि खिडकीकडे धरलं. सोळा दिवसांच्या रकान्यांत आधी पेन्सिलीने 'आ', म्हणजे आजारी, लिहिलेलं होतं, ते खोडून वर पेनाने 'गै'. रबराने कागद पातळ झालेला, त्यातून उजेड येत होता. पुढे काही विचारायची गरजच पडली नाही. मालक माझाच होता, म्हणून ते पान मला अजून दिसतं.

आणि गैरहजेरी खरी असली तरी नाव आपोआप कमी होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये डी. के. यादव यांच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. त्या कंपनीच्या स्थायी आदेशात, म्हणजे नोकरीच्या नियमांत, आठ दिवसांवर गैरहजर राहिल्यास नोकरी गेली असं लिहिलेलं होतं. तरी विचारणा न करता, म्हणणं न ऐकता काढलं म्हणून कामगार परत आला, अर्ध्या मागील पगारासह. तेव्हा 'तीन नोटिसा' हा जो मंत्र आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात फिरतो, त्याला कायद्यात कुठेही मूळ नाही. कोणी काढला देव जाणे.

तर आजाराला आजार लिहा. मस्टरमध्ये आजारी, पत्रात आजारी, आदेशातही आजारी. माणूस आजारी पडणं ही त्याची चूक नव्हे, म्हणून चौकशी समिती, आरोपपत्र ही भानगड इथे नाही. इथे विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यातली पहिली तुम्ही विचारलीच नाही.

आजार आला कुठून?

जिनिंगवाल्याने हा प्रश्न टाळायचा नसतो. तुमचा फिटर १९ वर्षं रेच्यांखाली वाकून रोलर आणि चाकू बसवतोय. तिथली धूळ तुम्हीही रोज पाहता. कापसाच्या धुळीत नुसते तंतू नसतात, बोंडाच्या आवरणाचे आणि पाल्याचे बारीक तुकडे असतात, त्यांच्यावर वाढलेले जिवाणू असतात. ही धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची सुरुवातीची खूण मजेशीर आहे : सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरं वाटतं. पुढे पुढे ते रोजचं होऊन बसतं. गावातला डॉक्टर याला दमा म्हणतो, नाहीतर टीबीच्या गोळ्या सुरू करतो. बिडीमुळे तो वाढतो, म्हणून मालक म्हणतात 'बिड्या ओढतो, त्याचंच आहे'. कोर्टात हे वाक्य चालत नाही असं नाही, पण एकट्याने चालत नाही.

असाच एक रेचेवाला माझ्याकडे आला होता, त्याच्या मालकाने पाठवलेला. मी विचारलं, काम जमत नाही का? म्हणाला, "साहेब, काम तं येते मले. दमच पुरत नाई." मग मी विचारलं, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी कसं असतं? त्यांच्याकडे सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याच्या घरात राहतो. "तवाच त जास्त रायते!" पुढे मेडिकल कॉलेजात फुफ्फुसाच्या क्षमतेची चाचणी झाली, कामाआधीची आणि कामानंतरची. एक्स-रे जवळजवळ साफ होता, चाचणी साफ नव्हती.

हे इतकं लांबवून सांगतोय कारण बिसिनोसिस हा जुन्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्याही, तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य (कामामुळे होणारा) आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे धुळीच्या कामात पुरेसा काळ घालवलेल्या माणसाला तो झाला, तर कामावर झालेल्या अपघातासारखाच धरला जातो. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात होता तसा त्याच्या जागी आलेल्या संहितेतही तो कळवण्याजोगा आजार आहे. व्यवस्थापकाने आणि डॉक्टरनेही तो वर कळवायचा असतो.

त्यात तुमच्या धंद्याची एक खास अडचण आहे. सूतगिरणीच्या कामगाराला असं झालं असतं तर ईएसआयने, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेने, भार उचलला असता. पण ईएसआयच्या तरतुदींत हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत कापसाची जिनिंग आणि प्रेसिंग नाव घेऊन आहे. मालकांना वाटतं, बरं झालं, वर्गणी वाचली. वर्गणी वाचली, पण जोखीम सगळी तुमच्या अंगावर आली. बरं, व्याख्येत 'केवळ' हा शब्द आहे. जिनिंगला लागून सरकीची तेलघाणी चालवत असाल तर तुमचा कारखाना खरंच वगळलेला आहे का, हे आधी तपासा.

ईएसआय लागू निघालं तर गोष्ट वेगळी होते. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा त्या आजारावर उपचार चालू असताना त्याला काढता येत नाही, आणि त्या काळात दिलेली नोटीस अवैध ठरते. मग काही काळ हात जोडून बसायचं, दुसरा उपाय नाही.

समजा ईएसआय नाही आणि आजार धुळीचाच निघाला. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर हिशेब असा होतो : महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. पन्नाशीचा गुणक १५३.०९ आहे. बारा हजारांचे ६० टक्के ७,२००. गुणाकार ११,०२,२४८ रुपये. कमावण्याची क्षमता ४० टक्केच गेली असं डॉक्टरने लिहिलं तर ४,४०,८९९. देणं लागू झाल्यापासून महिन्याच्या आत दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. तुम्ही विम्याची पॉलिसी घेतली असेलच, ती आज काढून बघा. अपघात तिच्यात असतो, व्यवसायजन्य आजार आहे की नाही ते वाचा. माझ्या अनुभवात दहातले सात मालक पॉलिसीचं पहिलं पानच ठेवतात, बाकीची एजंटकडे राहतात.

म्हणून म्हणतो, 'काढता येईल का' हा दुसरा प्रश्न झाला.

आता डॉक्टरचा कागद. तुमच्याकडे असलेली चिठ्ठी काहीच सांगत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी कुठेही फिटरला पाठवा, खर्चाने तुमच्या. पण 'हा इसम फिट आहे की अनफिट' असं विचारू नका. डॉक्टरने जिनिंग पाहिलेली नसते, तो 'अनफिट' लिहून मोकळा होतो आणि त्या एका शब्दावर आपण दोन वर्षं भांडतो. मी मालकांना पत्र असं लिहायला लावतो :

'सदर कर्मचारी १९ वर्षे जिनिंगमध्ये फिटर आहे. कामात रेच्याखाली वाकून रोलर बदलणे, २० ते ४० किलो वजन दोघांनी उचलणे, हंगामात रात्रपाळी, आणि कापसाच्या धुळीत रोज ८ तास राहणे येते. कृपया कळवावे : (१) निदान काय, (२) हा आजार कापसाच्या धुळीशी संबंधित असू शकतो काय, (३) वरीलपैकी कोणते काम त्याला आता करता येणार नाही, आणि हे तात्पुरते आहे की कायमचे, (४) धूळ नसलेल्या जागी बसून करायचे काम करता येईल काय, (५) पुन्हा तपासणी केव्हा करावी.'

दुसरा मुद्दा वाचून तुमचा मुनीम म्हणेल, शेठ, हे आपण होऊन कशाला विचारायचं? विचारा. तुम्ही नाही विचारलंत तर त्याचा वकील विचारेल, आणि तेव्हा 'मालकाला शंका होती म्हणून त्याने लपवलं' एवढं जास्तीचं लागेल.

एक गोंधळ नेहमी होतो, तो आत्ताच काढून टाकतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि कामासाठी अपात्र असल्याचं प्रमाणपत्र, हे दोन वेगळे कागद आहेत. दिव्यांगांना मिळणाऱ्या स्वावलंबन कार्डावर ४५ टक्के लिहिलंय म्हणून तो काम करू शकत नाही असं होत नाही. उलट २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात आपल्या भागात घरोघरी असलेला सिकलसेलही आहे. कार्ड मिळालं की तुमची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

डॉक्टरचा कागद आला की त्याची एक प्रत फिटरला द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवस द्या. त्याला दुसऱ्या डॉक्टरचं मत आणायचं असेल तर आणू द्या. मग त्याला बोलवा, त्याच्या बायकोला किंवा मुलालाही. ऑफिसात टेबलाच्या पलीकडे बसवून नको, चहा सांगा, खुर्च्या एका बाजूला घ्या. काय बोलणं झालं त्याचं टिपण त्याच्यासमोर लिहा आणि वाचून दाखवा. या भेटीत विचारायचं ते एकच : दुसरं कोणतं काम जमेल?

पर्यायी कामाचा हा भाग मालक उरकून टाकतात, आणि तिथेच फसतात. १९९१ मध्ये आनंद बिहारी खटल्यात राजस्थानच्या एसटीतले चालक सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नजर अधू झाली म्हणून त्यांना काढलं होतं. कोर्ट म्हणालं, हे 'सततच्या आजारपणा'त बसतं, त्यामुळे तेव्हाच्या कायद्याच्या भाषेत ही कपात, म्हणजे भरपाई देऊन माणूस कमी करणं, नाही. पण इतकी वर्षं रस्त्यावर डोळे घालवलेल्या माणसांना असं रिकाम्या हाताने घालवणं न्याय्य नाही. दुसरं काम द्या, नसेल तर जास्तीची भरपाई द्या. खासगी मालकालाही न्यायाधीश हाच मापदंड लावतात, फक्त शब्द वेगळे.

तुमच्याकडे आठच बारमाही माणसं आहेत, हे मला कळतं. तरी मोजा. वजनकाट्यावर पावती करणारा, गेटवरचा चौकीदार, स्टोअरमध्ये सुटे भाग देणारा. काटा सुचवाल तर एक ध्यानात ठेवा. जानेवारीत फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा काट्यावरही धूळ कमी नसते. डॉक्टरने 'धूळमुक्त जागा' लिहिली असेल तर काटा म्हणजे तीच जागा नाव बदलून. स्टोअर बरं. नव्या फिटरला हाताशी धरून शिकवायला हंगामाआधीचे दोन महिने यालाच ठेवलं, असंही एका मालकाने केलं होतं, आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. १९ वर्षांच्या माणसाला कुठला रेचा कुठे अडतो हे आवाजावरून कळतं. जागा खरंच नसेल तर तसं लिहा : कोणकोणती कामं पाहिली, प्रत्येक का जमत नाही. दोन ओळी प्रत्येकी.

एवढं सगळं करून कायमची अक्षमता नक्की झाली आणि जागाही नाही, तर नोकरी संपवता येते. आदेशात कारण स्वच्छ लिहा, आणि 'यात आपल्या वर्तनाचा कोणताही दोष नाही' हे वाक्य घाला. त्याला पुढे पेन्शनला, कर्जाला, गावात मान राखायला ते वाक्य लागतं.

आता पैसे. जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवणं हे कपातीच्या व्याख्येतून वगळलेलं होतं, म्हणून कपातीची भरपाई लागत नाही असं पुष्कळ सल्लागार सांगायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्या जुन्या अपवादाच्या भरवशावर पैसे वाचवायला जाऊ नका. एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, १२,०००. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे अर्ध्या महिन्याचे ६,००० गुणिले १९, झाले १,१४,०००. आजारपणात घरी होता ते दिवस सलग सेवेतून कापू नका. आजारपणाने सेवा तुटत नाही.

ग्रॅच्युइटीत जिनिंगवाल्यांची हमखास चूक होते. हंगामी कारखान्यात हंगामामागे सात दिवसांचा पगार, हे बरोबर आहे. पण ते वर्षभर कामावर नसलेल्या माणसासाठी. तुमचा फिटर उन्हाळ्यात रेचे खोलतो, पावसाळ्यात बेअरिंग बदलतो, म्हणजे बारमाही आहे. त्याला पंधरा दिवसांचाच दर. १२,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले १९, झाले १,३१,५३८. सात दिवसांनी काढलं असतं तर ६१,३८५ आले असते, आणि फरकावर पुढे व्याज भरलं असतं. आजाराने अक्षम झालेल्याला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अटही नसते, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

म्हणजे धुळीची भरपाई बाजूला ठेवली तरी अडीच लाखांच्या वर. शिवाय राहिलेला पगार आणि रजेचे पैसे, आणि राहिलेला पगार नव्या नियमाने कामावरून कमी केल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत. बरं, तुम्ही लिहिलेला १२,००० हा आकडा फिटरच्या किमान वेतनात बसतो का, ते मला आधी कळवा. बसत नसेल तर वरचे सगळे आकडे वाढतील, आणि कोर्टात समोरचा वकील पहिला तोच कागद उघडतो.

पत्रात शेवटी तुम्ही त्याच्याकडे असलेली चाळीस हजारांची उचल ग्रॅच्युइटीतून कापायचं विचारलंय. नाही कापता येत. ग्रॅच्युइटीला हात फक्त ठरावीक गैरवर्तनात लागतो, आणि इथे गैरवर्तन नाही असं आपणच लिहून दिलंय. उचलीचं वेगळं बसून बोला. खूप मालक अशा वेळी ती सोडून देतात.

राजीनामा लिहून घेऊ का, असंही तुमच्या मुनिमाने सुचवलं असेल. कोऱ्या कागदावर अंगठा तर नकोच, पण लिहिलेला राजीनामाही नको. दम लागणाऱ्या माणसाने हंगामाच्या तोंडावर 'घरगुती कारणास्तव' नोकरी सोडली, हे कोणत्या न्यायाधीशाला पटणार आहे? आणि त्याचंही नुकसान. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दहा वर्षं भरली नसली तरी पेन्शन मिळते. वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं, १०-डी फॉर्म भरावा लागतो. राजीनाम्याने ते प्रकरण गुंतून पडतं. तो फॉर्म तुमच्या ऑफिसातूनच भरून द्या, मुनिमाला एक दुपार लागेल.

जिल्हा परिषद किंवा एसटीत असलेल्यांनी हे सगळं स्वतःला लावून घेऊ नये. सरकारी आस्थापनेत नोकरीदरम्यान अपंगत्व आलं तर काढताच येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा द्यावी लागते, नसेल तर जास्तीचं पद निर्माण करून निवृत्तीपर्यंत ठेवावं लागतं. खासगी मालकावर इतकं बंधन नाही.

दिवाळीला अजून अवकाश आहे, म्हणून वेळ आहे. या आठवड्यात डॉक्टरला पत्र पाठवा. माझ्याकडे येताना मस्टर मूळ आणा, झेरॉक्स नको, आणि मुनिमाला सांगा की त्यात आजपासून रबर लावू नये. विम्याची पॉलिसी पूर्ण आणा. आणि जमलं तर फिटरलाही सोबत घ्या. सकाळी या, दुपारी ऊन चढलं की त्याला माझा जिना चढवणार नाही.